आईला दिलेल्या गोळ्या

वाटूर, मंगळवार, मार्च १९७६

दम्याचं औषध दिवसभर हळूहळू सुटावं म्हणून माझ्या डिग्रीच्या संशोधनात मी गोळ्यांवर पॉलिमरचा थर दिला. सशांवर जमलं, म्हणून आठ दिवसांपूर्वी आईची जुनी गोळी बंद करून तिलाच त्या सुरू केल्या. ती रोज "बरं हाय" म्हणायची, मी वहीत "आराम" लिहायचो. आज धापा टाकत म्हणाली, "तुझी गोळी परसाकडंला तशीच्या तशी बाहेर पडू राह्यली रे. पह्यल्या दिवसापासून."

थर विरघळलाच नव्हता!

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तुझी डिग्री अडली असती."

माझी डिग्री? आणि तिचा श्वास? तिच्याकडे न बघता मी त्या थराचंच कौतुक करत बसलो. असा कसा मी? वहीतले आठही "आराम" खोडले. तिला तिची जुनी गोळी दिली. ती अजून बसूनच आहे. आडवं झालं की जीव कोंडतो.