वाऱ्याची सावली

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! चार वर्षं ऑफिसात बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे जुळवले. आता आकडे मी आणणार. एकटीने करायची ही माझी पहिली पाहणी. घर टेकडीच्या माथ्यावर एकटंच आहे. पश्चिमेला उघडं कुरण, नजर पोचेल तिथवर. ना झाड, ना भिंत. लहान पवनचक्कीसाठी अशी जागा मागून मिळायची नाही. गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने ते हातातून हिसकावूनच घेतलं. मला हसू आलं.

घरात तीन माणसं. काका घड्याळं दुरुस्त करायचे; हात कापायला लागले तसं दुकान बंद केलं. काकू वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, नाकाला नळी, उशाशी श्वासाचं यंत्र. आणि त्यांची सात वर्षांची नात, चिमणी. आई बोटीवर नोकरीला, म्हणून ही आजीआजोबांकडे. मला पाच मिनिटांत मावशी करून टाकलं तिने.

वीज इथवर पोचते ती लहर लागली तर. गेली की यंत्र तासभर बॅटरीवर, पुढे सिलिंडर. मागच्या महिन्यात दिवसभर गेली होती. काका म्हणाले, जन्मभर काटे बघण्यात गेला, पण सिलिंडरचा खाली उतरणारा काटा वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये.

अहवाल मोजमापं झाल्यावर लिहायचा असतो. पण मनातल्या मनात मी तो लिहून टाकला आहे.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी आमचा खांबवाला पिकअप घेऊन आला. सहा फुटांच्या वर चार इंच, म्हणून सगळे त्याला लंबूच म्हणतात. खांब उभा करताना म्हणाला, "मॅडम, उंची कमी पडली तर सांगा, मी वर जाऊन उभा राहतो." चिमणी हसून हसून लोळली.

अठरा मीटरचा खांब, चारी बाजूंनी तारांचे ताण. त्यावर सहा, बारा आणि अठरा मीटरवर वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या. दर मिनिटाचा वेग थेट माझ्या लॅपटॉपवर येतो. चिमणीने विचारलं, तीन कशाला? तिला ओढ्यातल्या दगडाचं उदाहरण दिलं. दगडामागे पाणी संथ होतं, तसा झाडामागे, घरामागे वारा मरतो. आम्ही त्याला वाऱ्याची सावली म्हणतो. कुठल्या वाट्या मंदावल्या यावरून अडथळा किती उंच, किती लांब, याचा अंदाज बांधता येतो. इथे अर्थात अडथळाच नाही.

गुरुवार, ६ तारीख

आकडे दृष्ट लागण्यासारखे आहेत. एकच गोष्ट खटकते. काल दुपारी तीन ते चार खालच्या दोन वाट्या मंदावल्या. वरची मात्र जोरात होती. आजही तसंच, त्याच वेळेला. वारा पश्चिमेचाच. गणित मांडलं तर उत्तर येतं, पश्चिमेला सुमारे तीनशे मीटरवर बारा मीटर उंच काहीतरी आहे. चारमजली इमारतीएवढं.

खिडकीतून पाहिलं. गवत, फक्त गवत.

लंबूला फोन केला. तो म्हणाला, वाट्यांमध्ये किडे शिरले असतील. दोन्हींत, एकाच वेळी, रोज तीनला? तो म्हणाला, मग किडे सरकारी नोकरीत असतील. हसले. पण फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

शुक्रवार, ७ तारीख

तीन ते चार. उंची तीच. अंतर दोनशे मीटर.

गणित चार वेळा तपासलं. चूक असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी काकूंची उशी सारखी करताना त्यांनी थांबत थांबत सांगितलं, दुपारी तो पडदा ओढून घेत जा. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, पाखरं कुरणावरून सरळ यायची. हल्ली मधेच वळसा घालतात. काहीतरी चुकवल्यासारखी.

शनिवार, ८ तारीख

भीतीवर औषध एकच, जाऊन बघायचं. तीन वाजता कुरणात गेले. चिमणी साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन मागे आली, मला कळलंच नाही.

गवत लाटांसारखं लवत होतं. आणि मधे एक पट्टा, खोलीएवढा रुंद, अगदी स्थिर. एक पातं हलत नव्हतं. मी त्याच्या कडेला थांबले. चिमणीने फुंकर मारली. फुगे वाऱ्याने घराकडे उडायला हवे होते. ते आमच्या समोर तरंगत राहिले. मग एकेक करून फुटू लागले. लांबचे आधी, मग जवळचे. कुणीतरी त्यांच्यातून चालत येत असल्यासारखे.

चिमणीला उचलून धावले. मागे पाहिलं नाही. तिने विचारलं, मावशी, तुझं काळीज एवढं का उडतंय?

रात्री आकडे पाहिले. एकशेवीस मीटर.

सोमवार, १० तारीख

क्रमाने लिहिते.

काल रविवारी अंतर नव्वद होतं. लंबूला सांगितलं, खांब काढून ने, मला इथली मोजणी नको. तो आज दुपारी आला. माझा चेहरा पाहून थट्टा केली नाही. पण खांब उतरवण्याआधी एकदा टेपने अंतर घेतो म्हणाला, म्हणजे तुमच्या मनातला किडा निघेल. मी नको म्हटलं. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन तो निघालासुद्धा.

साठ मीटरवर त्याचा शर्ट फडफडायचा थांबला. केस खाली बसले. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, ओरडत होता तो, आणि मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

टेप माझ्या हातात एकदम सैल झाली.

तिथे फक्त गवत होतं.

पोलीस आले. कुरण पालथं घातलं. एक जण म्हणाला, माणूस रागाच्या भरात निघून जातो, येईल परत. पिकअप दारातच उभी आहे.

आणि त्याच्या घरी मी काय सांगू —

मंगळवार, ११ तारीख

दुपारी दोन. आज ते तीन वाजेपर्यंतही थांबलं नाही.

खालची वाटी थांबली. मधली थांबली. लॅपटॉपसमोर बसून मी स्वतःला समजावत होते, बारा मीटर, फक्त बारा मीटर —

मग सगळ्यात वरची थांबली.

इतके दिवस ते बसलेलं होतं. आता उभं राहिलंय.

काकांना एवढंच म्हटलं, काकूंना उचला, प्रश्न विचारू नका. त्यांनी काकूंना उचललं. काकूंना मागच्या सीटवर आडवं केलं, सिलिंडर पायाशी, चिमणी काकांच्या मांडीवर. खांबाच्या तारांचा रोजचा आवाज बंद होता. अंगणातली धूळ जिथल्या तिथे. मी गाडी काढली. उतारावर खिडकीतून वारा तोंडावर आला आणि मी मोठ्याने रडले.

बुधवार, १२ तारीख, सकाळ

शहरातलं रुग्णालय. काकूंना खाट मिळाली. इथे वीज जात नाही. काका खुर्चीतच झोपलेत.

लॅपटॉप उघडला. टेकडीवरचा खांब अजून आकडे पाठवतोय. तिन्ही वाट्या झकास फिरताहेत. सावली नाही. आम्ही निघाल्यापासून नाही, तीनला नाही, रात्रभर नाही.

ते तिथे नाही.

बुधवार, दुपार

खिडकीसमोर झाडांची रांग आहे. सगळी हलताहेत. बरोबर माझ्या खिडकीसमोरची दोन तेवढी हलत नाहीत.

इमारतीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथली थांबली. इथली हलू लागली.

परत आले. पुन्हा इथली.

काकांच्या मागे नाही. काकूंच्या मागे नाही. चिमणीच्याही नाही, देवा, चिमणीच्या नाही. मी मोजत गेले, ते येत गेलं.

चिमणी विचारतेय, मावशी, कुठे चाललीस? सांगितलं, कामावर. काकूंनी माझा हात सोडला नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बुधवार, नंतर

शहर सुटून तासभर झाला. आता अंतर मोजत नाही. मोजायचं नाही.

अहवाल लिहून पाठवला. एकच ओळ. जागा योग्य नाही, कोणीही पुन्हा मोजायला जाऊ नये.

पेट्रोल संपत आलंय. रस्त्याच्या कडेला थांबलेय. दोन्ही बाजूंना मोकळं रान, जवळ घर नाही, माणूस नाही. बरंच आहे.

काचा सगळ्या खाली. वारा आरपार जातोय. जोवर लागतोय तोवर ठीक —

चांगला आहे वारा. लिहिताना वहीची पानं डाव्या हाताने दाबून —

आता दाबावी लागत ना