गुलाबाईची चाल क्लॅरिनेटवर

असोदा,
११ ऑक्टोबर १९८९

ती. भाईदासनाना यांस,

तोतारामचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि आपली बहीण, दोघांचीही खुशाली कळवावी. मी ठीक आहे. म्हणजे स्वतः थापलेल्या भाकऱ्या खाऊन माणूस जेवढा ठीक राहतो तेवढा.

रुक्मानं तिकडे काही सांगितलं असेल, पण देवाशपथ सांगतो, भांडण झालेलं नाही. सगळा दोष क्लॅरिनेटचा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आम्हा बँडवाल्यांना काम नसतं, आणि हात तर चालता ठेवावा लागतो, म्हणून संध्याकाळी ओट्यावर वाजवत बसलो. लग्नातलं वाजवलं की म्हाताऱ्या अवेळी म्हणून ओरडतात. मग पोरी रोज टिपऱ्यांवर गुलाबाईची गाणी म्हणतात, त्यातलीच एक चाल उचलली. (माहेर, सासर आणि खाऊ, यापलीकडे त्यात काय असतं, असं मी समजत होतो. गाढव मी.) आश्विनातलं ऊन उतरलेलं, शिवारात कापूस फुटलेला, पान हलत नव्हतं. मी सूर लांबवला, तर समोरच्या झुलालची बायको पदरानं डोळे पुसतेय! मला वाटलं, कलेची कदर झाली. मी आणखी जोरात फुंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गल्लीतल्या पाच सुना माहेरी गेल्या. ऐन वेचणीत! झुलाल तर मला रस्त्यात गाठून स्वतःचे तव्यावर भाजलेले हात दाखवतो.

सहावी रुक्मा. पिशवी भरून उभी राहिली आणि म्हणाली, "माले घर जानं शे." चौदा वर्षं माझ्याशी इकडचं बोलणारी बाई, त्या दिवशी माहेरचं, पिंपळनेरचं बोलली. मी म्हटलं, अगं, घरातच तर उभी आहेस! ती पिशवी उचलून ओटा उतरली. नाना, ते फार लागलं हो. दरवर्षी मी म्हणायचो, लगीनसराई उरकू दे, मग जा. सराई उरकायची, तिचं जाणं राहायचं. चूक माझीच.

तेव्हा तिला घाई करू नये. दिवाळीपर्यंत खुशाल राहू द्यावं.

आपला,
तोताराम बँडमास्तर

ता. क. दिवाळीचं मनावर घेऊ नये. शनिवारी कोजागिरीला मी न्यायला येतोय.

आणखी ता. क. क्लॅरिनेट आणतोय. पण सासरची आठवण येऊन बाई उठून निघेल, असं एकही गाणं मला येत नाही. इथल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. तिकडे कुणाला येत असेल तर रुक्माला कळू न देता लिहून ठेवावं.