शनिवारी कुकर लागत नसे

आई, तुझा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब आता श्रीमंत झाला आहे. दोघातिघा अमेरिकन पैसेवाल्यांनी तो विकत घेतला, त्याच्यावर टीव्हीची मालिका निघाली, आणि जे नाव ओहायोतल्या आपल्या घराबाहेर या देशात कुणी ऐकलेलं नव्हतं ते आता इथे, माझ्या कॅरी गावात, पोराटोरांच्या छातीवर असतं. परवा इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते, तर शेजारी एक उंच मुलगा, कानात इअरफोन, अंगात तो गर्द हिरवा आणि काळा शर्ट. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मेथी तिथेच टाकून मी नुसतं दही घेऊन घरी आले. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता प्रयत्न करावा लागतो, आणि या पोरांना तुझ्या क्लबाचा गोलकीपर कुठल्या गावचा तेसुद्धा पाठ. मी साठीला आले, मला नातू आहे, तरी खोटं कशाला बोलू, मी जळते. आधी तुझ्या क्लबावर जळायचे. आता त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांवर जळते.

आपल्या घरी शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला कुकर लागत नसे. हे कॉलेजात एका मैत्रिणीला सांगितलं तर तिला वाटलं काही व्रतबित असेल. व्रतच होतं म्हणा. तिकडे इंग्लंडमध्ये संध्याकाळ झालेली, सामने संपलेले, आणि तू शॉर्टवेव्ह रेडिओची एरियल खिडकीच्या दांडीला टेकवून ओट्याशी उभी. खरखरीतून एक गृहस्थ निकाल वाचायचे, वरच्या डिव्हिजनपासून खालच्यापर्यंत, आणि आपला क्लब जवळजवळ शेवटी, म्हणून थांबायचं. त्या क्षणी शिट्टी झाली तर आकडा हुकणार, म्हणून भात नंतर. बाबा निमूटपणे ब्रेडला चटणी लावून खायचे. त्या गृहस्थांचा आवाज असा चढायचा आणि पडायचा की आकडा कानावर यायच्या आधीच तुला कळायचं, जिंकलो की हरलो. मलाही कळायला लागलं होतं, पण मला विचारतंय कोण? मी ऐकत नव्हतेच, तुझ्याकडे बघत होते. हॉस्पिटलात दिवसभर लोकांना भूल देऊन घरी येणारी, आमच्याशी मोजकं बोलणारी तू त्या दोन मिनिटांत कुणी दुसरीच व्हायचीस. ओठ किंचित उघडे, दोन्ही हात ओट्याच्या कडेला घट्ट. असा चेहरा माझ्यासाठी झालेला मी कधी बघितला नाही. हे मी रागाने लिहीत नाही. म्हणजे, थोडं रागानेच.

रविवारी केसांना तेल लावताना तू मला गोष्ट सांगायचीस. सुरुवात सगळ्या आया करतात तीच, आटपाट नगर होतं. पण पुढे राजा नाही आणि दोन राण्या नाहीत. पुढे लोकरीची गिरणी. गिरणीतली पोरं सुटीच्या दिवशी दारू पिऊन पडायची, म्हणून तिथल्या पाद्रीबुवांनी त्यांना एक चेंडू आणून दिला. मैदान मिळालं ते गिरणीमागचं, उतरतं. एका टोकाचा गोल दुसऱ्यापेक्षा चांगला माणूसभर खाली, त्यामुळे नाणेफेक जिंकणारा कप्तान विचार न करता सांगायचा, दुसऱ्या हाफात उतार आम्हाला. शर्टांना रंग गिरणीच्या रंगखात्यात उरलेला. हिरवा कुठल्याशा पलटणीच्या कापडाचा, आणि काळा तिथे कायमच लागायचा, कारण कुणा ना कुणाच्या घरी सुतक असायचंच. मग महायुद्ध आलं, टीममधली निम्मी पोरं परत आली नाहीत आणि मैदानात मेंढ्या चरल्या. मग चांगले दिवस. वरच्या डिव्हिजनमध्ये गेले, एकदा तर कपाच्या फायनलला पोचून हरले, आणि हरून आले तरी अख्खं गाव त्यांना घ्यायला स्टेशनवर. मग गिरणी बंद पडली आणि क्लब एकेक पायरी उतरायला लागला. "आणि मग?" मी विचारायचे. "मग मी आले," तू म्हणायचीस, केवढ्या ऐटीत. एकदा मी विचारलं होतं, या गोष्टीत मी कधी येणार? तू वेणीचा पेड घट्ट ओढलास आणि म्हणालीस, "तू कशी येशील? तू तेव्हा नव्हतीस." बरोबरच होतं ते. पण मला ते अजून लागतं.

तू तिथे होतीस तेव्हा बाबा दुसऱ्या शहरात ट्रेनिंगला. लग्न नवं, हॉस्पिटलची ड्यूटी, आणि एका विधवा बाईंच्या घरात वरची खोली. त्या घरमालकीणबाईंची बहीण लग्न करून कॅनडाला गेलेली, तिची मैदानावरच्या स्टँडमधली, यांच्या शेजारची जागा रिकामी पडलेली. पहिल्याच शनिवारी त्या तुला म्हणाल्या, खोलीत बसून रडण्यापेक्षा तिथे येऊन रड, तिथे सगळेच रडतात. लाकडी स्टँड, तिसरी रांग. "तुला कुणी काही बोलायचं नाही? रंगावरून?" मी मोठी झाल्यावर विचारलं. "बोलायचे की. पण आमच्या रांगेतले नाही," तू म्हणालीस. आमच्या, असं तू आम्हाला धरून फारसं म्हणायची नाहीस. शिवाय त्या रांगेत तुला माहेरच्या नावाने हाक मारायचे. तुझी सर्टिफिकेटं लग्नाआधीची, त्यामुळे हॉस्पिटलात ते नाव, घरमालकीणबाईंच्या तोंडी ते आणि मैदानावरही तेच. लग्नात बाबांनी अंगठीने तांदळात लिहिलेलं नाव तू अमेरिकेत आल्यावर वापरायला लागलीस, आणि आम्हाला तू त्याच नावाची म्हणून ठाऊक. नाताळात त्या बाईंचं कार्ड यायचं, पाकिटावर ते पहिलं नाव. पोस्टमनने दुसऱ्याच कुणाचं तरी टपाल आपल्याकडे टाकलं असं मला दर वर्षी वाटायचं, आणि तू मात्र ते पाकीट लगबगीने घ्यायचीस.

आठवीत मला लाल स्वेटर हवा होता. तू विणलास तो हिरवा आणि काळा. विणला होतास सुरेख, आणि मी तो कोपरं झिजेपर्यंत घातला, कारण तो घातला की तू माझ्याकडे दोनदा बघायचीस. माझ्याकडे की स्वेटरकडे, याची चौकशी मी केली नाही. मग तो मे महिन्यातला शनिवार. मी ड्रायव्हिंगची टेस्ट पास झाले आहे, बाबा गाडी लावतायत, मी धावत स्वयंपाकघरात येते. तू ओट्याशी उभी. माझ्याकडे न बघता तू तळहात वर करतेस, थांब. मी थांबते. रेडिओवरचे गृहस्थ खाली खाली येत आपल्या नावावर पोचतात आणि त्यांचा आवाज पडतो. क्लब शेवटच्या डिव्हिजनमध्ये गेला. तू रेडिओ बंद करतेस, एरियल नीट दुमडतेस, आणि सिंकमधल्या भांड्यांकडे तोंड करून रडतेस. मी तुला रडताना त्याआधी पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळाने तोंड धुऊन येतेस, मला जवळ घेतेस, म्हणतेस, "शाब्बास गं, आता मला हॉस्पिटलला तूच सोडायचं." मग शिरा करतेस. शिरा छान झाला होता. पण पुढच्या वर्षी मी कॉलेजला निघाले तेव्हा तुझे डोळे कोरडे होते. लोणच्याची बाटली सांडू नये म्हणून तिला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधत होतीस, आणि मी तुझ्या डोळ्यांकडे बघत बसले होते.

आता इथलं सांगते. आमच्या शेजारी नागपूरचा एक मुलगा राहतो, पस्तिशीतला, आयटीतला, बायकोही आयटीतच. मला दोघंही मावशी म्हणतात. गोड आहेत, हे मान्य करायला हवं. मागच्या हिवाळ्यात तो दारात आला. "मावशी, सॅटरडेला सकाळी फ्री आहात का? मॅच आहे, तर्री-पोहे करतोय, या ना." कुणाची मॅच हे मी विचारलं नाही आणि गेले, तर भिंतभर टीव्हीवर ते मैदान. उतार आता काढून टाकलाय गं, सगळं सपाट केलंय. पण कॅमेरा फिरला आणि तो लाकडी स्टँड दिसला, आणि माझा चमचा तसाच राहिला. तो मला समजावून सांगत होता. "मावशी, यांची हिस्टरी माहितीये? ग्रीन म्हणजे तिथले डोंगर, ब्लॅक म्हणजे कोळसा. सीझन वनमध्ये दाखवलंय."

मला राहवलं नाही. "तिथे कोळशाची खाण नव्हतीच कधी," मी म्हटलं. "लोकरीची गिरणी होती. हिरवा पलटणीच्या कापडाचा उरलेला रंग."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलं असेल कुठेतरी."

खरं सांगायला काय हरकत होती? पण तुला त्या सोफ्यावर, त्या पोह्यांच्या बशांमध्ये आणून बसवायची माझी तयारी नव्हती. त्याच्या बायकोला मात्र आठवलं. "मावशी, तुमच्या आई यूकेत डॉक्टर होत्या ना? गणपतीत तुम्ही म्हणाला होतात. हेच टाउन का?" हो म्हणावं लागलं. तर तो उठून उभाच राहिला. "म्हणजे आपल्या आजी ओरिजिनल फॅन, यार. सिक्स्टीजमध्ये. मावशी, फोटो आहे का? ग्रुपवर टाकतो." आपल्या आजी म्हणाला. मला तुझा एक शनिवार मिळाला नाही आणि या पोराने तुला एका सकाळीत आजी करून टाकलं. फोटो नाही, असं मी सांगितलं. आहे, तुलाही माहीत आहे. मफलर गुंडाळून डोळे बारीक करून हसतेस तो. त्याचा उत्साह काही ओसरला नाही. समरमध्ये तो स्टँड पाडणार आहेत, म्हणाला, आणि त्या जागी एक भिंत उठणार आहे, जुन्या चाहत्यांच्या नावांच्या विटांची. "जे एक्स्पायर झालेत त्यांच्याच हं. फॅमिलीने नाव कळवायचं. तुम्ही आजींचं द्या ना, मावशी. नाहीतर मी मेल करू का?"

पोहे तसेच ठेवून मी घरी आले आणि दोन-तीन आठवडे धुमसत राहिले. तू होतीस तेव्हा शनिवार त्यांना गेले, तुझं रडणं त्यांना गेलं, आता नावही त्यांनाच द्यायचं? माझ्याकडे तुझं राहिलंय काय? एक रेडिओ, तोही आता नुसता खरखरतो. देणार नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. पण मग दुसरीच धास्ती वाटायला लागली, की हा पोरगा उत्साहाच्या भरात खरंच स्वतः मेल करेल, आणि तुझी वीट त्याच्या मार्फत लागेल. ते मला बघवलं नसतं. म्हणून एका सकाळी मीच क्लबाला लिहिलं.

तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं, अगदी आपुलकीचं. विटा कशाही लावणार नाहीत म्हणाल्या; स्टँडमध्ये जो जिथे बसायचा, त्याच क्रमाने त्याची वीट. घरमालकीणबाईंची वीट त्यांच्या भाचीने आधीच सांगून ठेवली होती, तेव्हा तुझी जागा लगेच सापडली. नाव कुठलं द्यायचं याचा मी रात्रंदिवस विचार केला नाही, तुझं माहेरचं दिलं. बाबा असते तर त्यांना जरा लागलं असतं, पण त्या बाकावर तेच नाव बसलं होतं, तिथे मला दुसरं घुसडता येईना. मग त्या बाईंनी आणखी एक विचारलं. तुमच्या आईच्या पलीकडे कोण बसायचं, काही आठवतं का? ती जागा कुणी सांगितलेली नाही. कुणीच नसेल तर ज्यांच्या जागा ठाऊक नाहीत अशा गेलेल्या चाहत्यांपैकी कुणाची तरी वीट तिथे लावू.

आई, तिथे कुणी बसत नव्हतं. तूच सांगितलं होतंस, त्या दिवसांत गर्दी नसायची, पलीकडच्या जागेवर तू पर्स आणि चहाचा थर्मास ठेवायचीस. म्हणजे आता तुझ्या पर्सच्या जागी कुणी उपटसुंभ येणार आणि भिंत उभी आहे तोवर तुला चिकटून राहणार. मला ते सहन होईना. मी लिहिलं की तिच्या पलीकडे तिची मुलगी बसायची. नाव कळवलं ते माझं घरचं, तू मारायचीस ती हाक, जी आता मला कुणीच मारत नाही. माझी सही खाली कागदोपत्री असलेल्या नावाने, सासरच्या आडनावासकट. दोन्ही विटा शेजारी शेजारी लागतील असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. आणि शेवटी लिहिलं, तुमची बहीणही गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी त्यांना थँक यू एवढंच लिहिलं.