वेदीपुढचा दिवा आणि शिक्क्यातलं कबुतर

३ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी नऊला चर्चमध्ये. दोर सोडून वेदीपुढचा चांदीचा दिवा खाली घेतला. खडूची भुकटी, मऊ चिंधी आणि भुजंगप्रयाताची चाल — चार ठेके, मग वळसा. शाळेत घोकलेलं वृत्त डोक्यापेक्षा हातालाच जास्त आठवतं! घरून निघताना सूनबाई म्हणालीच, "बाबा, त्या दिव्याला काय लग्नाला न्यायचंय?"

६ फेब्रुवारी, मंगळवार
बिशपांचं पत्र घेऊन फादर आले. जुन्या चांदीवर घडवणाऱ्याचा शिक्का सापडला तर वस्तू जागेवर राहणार. नाहीतर वितळवून नवी पात्रं करणार. मी हसलो. आपल्या दिव्याच्या बुडाशी शिक्का आहेच की! लग्नानंतर पहिल्याच रविवारी हिनं दाखवला होता. "अहो, कबुतर बसलंय बघा." ही गेली, तेव्हापासून दिवा मी घासतो.

७ फेब्रुवारी, बुधवार
शिक्का नाही! भिंगातून पाहिलं, बोट फिरवलं. गुळगुळीत — म्हाताऱ्याच्या हिरडीसारखं. एकतीस वर्षं, दर शनिवारी... हिचं कबुतर मीच उडवलं. जेवण गेलं नाही. सूनबाईला वाटलं, भाजी बिघडली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
फादरना सांगून टाकलं. अंगणातल्या बाकावरच. ते म्हणाले, "काका, पाप म्हणावं तर पाप नाही. पुण्य म्हणावं तर दिवा जातोय."

१२ फेब्रुवारी, सोमवार
तपासणीला जुन्या चांदीच्या जाणकार बाई आल्या. बूड पाहून कपाळाला आठ्या. "कोण हात धुऊन मागं लागलं होतं याच्या?" मी हात वर केला — वर्गात करतात तसा. फादर खोकले.

मग बाईंनी साखळ्या जुळतात ती वरची छत्री उलटी केली. आतून काळीकुट्ट! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मी कधी चिंधी लावलीच नाही — आत कोण बघतंय! बाईंनी ओला कापूस हलकेच फिरवला. पुन्हा फिरवला. "या इकडे," म्हणाल्या. काजळीखाली दुसरा शिक्का. चोच, पंख, सगळं शाबूत!

माझ्या मेहनतीनं घालवलं, ते माझ्या आळसानं राखलं. हिला हे सांगायला हवं होतं. पोट धरून हसली असती.

१७ फेब्रुवारी, शनिवार
पत्र आलं. दिवा इथंच राहणार. अट एकच — यापुढं तो कुणी घासायचा नाही.

साडेनऊ झाले. सूनबाई दोनदा डोकावून गेली. "बाबा, आज गेला नाहीत?"