वाचलं, पटलं नाही

टोरोंटो, ३० ऑक्टोबर

प्रिय ग्वेन,

आधी घडलं ते क्रमाने.

१. परवा, मंगळवारी सकाळी दहाला, संचालक मंडळाची बैठक झाली.
२. घरून काम करणाऱ्यांनी नव्या वर्षापासून टोरोंटोच्या ऑफिसात यावं, नाहीतर राजीनामा द्यावा, असा ठराव नवे अध्यक्ष हॅल्डेन यांनी मांडला.
३. ठराव दोन विरुद्ध पाच मतांनी पडला.
४. अडतीस माणसं आपापल्या गावीच राहतील.

लिहिलंय कोरडं, पण बैठकीनंतर मी जिना एकेक पायरी गाळत उतरले.

तू नोकरी सोडून गेलीस त्याला चौदा महिने झाले. गावोगावच्या पाणीखात्यांना आपण पुरवतो त्या सॉफ्टवेअरसाठी, पंप बंद पडण्याआधी इशारा देणारा भाग तू चार महिने खपून तयार केला होतास. त्याच्या मंजुरीच्या बैठकीत आम्ही आठजण इथे टेबलाभोवती, आणि तू एकटी तुझ्या गावाहून, ट्विलिंगेटहून, भिंतीवरच्या पडद्यावर. तुझा भाग मंजूर झाला, पडदा बंद झाला आणि पुढच्या तीन मिनिटांत कॉफीच्या यंत्रापाशी तो रद्दही झाला. तुला कुणीच कळवलं नाही. नऊ दिवसांनी ते तुला एका गावच्या पाणीखात्याकडून कळलं. तुझा फोन मला अजून शब्दशः आठवतो: “अगं, मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे का? महिना संपला की पान उलटायला?” आठवड्यात तुझा राजीनामा आला.

त्यानंतर दोन महिन्यांनी विभाग माझ्या हाती आला. मी पहिल्यांदा तो मोठा पडदाच काढायला लावला. एकजण जरी दूर असला तरी सगळ्यांनी आपापल्या संगणकावरूनच बैठकीला बसायचं, शेजारी-शेजारी टेबलं असली तरी. आपल्या विभागातला तो म्हातारा मरे पहिल्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “बायको माझ्याकडे पाठ करून बसते तेव्हा त्याला भांडण म्हणतात. इथे त्याचा पगार मिळतो!” दुसरा नियम असा की, बोलण्यात ठरलेलं काहीही ठरलेलं नाही. कारणांसकट लिहायचं, आणि ज्याच्या कामाला धक्का लागतो त्याने उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इथे मीच चुकले. सॅस्काटूनचा लॉर्न प्रत्येक निर्णयाखाली “वाचलं” एवढंच लिहायचा. मी तो होकार धरला. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की तोवर झालेले तिन्ही निर्णय त्याला साफ चुकीचे वाटत होते. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, “तुम्ही वाचलं का विचारलंत, बाई. पटलं का, ते कुठे विचारलंत?” चिडावं की हसावं कळेना. तेव्हापासून उत्तरं दोनच: “वाचलं, पटलं” किंवा “वाचलं, पटलं नाही”. गप्प राहणं म्हणजे होकार नाही. पहिल्या महिन्यात “पटलं नाही” चार वेळा आलं, सहाव्या महिन्यात एकतीस वेळा. ते आकडे पाहून हॅल्डेन घाबरले. मी खूश झाले, कारण ही नापसंती आधीही होतीच. फक्त माझ्यापर्यंत पोचत नव्हती.

ऑगस्टमध्ये एका शहराचे सहा पंप एकदम अडले. आदल्या वर्षी असाच बिघाड काढायला अकरा तास लागले होते. या वेळी चार तास दहा मिनिटं, आणि काम करणारे पाचजण पाच गावांत. कुणालाच कुणाला शोधावं लागलं नाही. कोणती गोष्ट का केली, ते लिहिलेलं होतं.

मंगळवारी हॅल्डेन म्हणाले, “मला ही माणसं दिसत नाहीत. ती काम करतात कशावरून?” मी म्हटलं, “टोरोंटोतली तुम्हाला दिसतात. ती करतात कशावरून?” मग मी दोन्ही वर्षांचे आकडे ठेवले. तरी मतं फिरवली ती मी बैठकीला सोबत नेलेल्या मरेने. तो उठून म्हणाला, “साहेब, बावीस वर्षं मला वाटायचं, ऑफिसात बसलो की सगळं कळतं. मला फक्त ऑफिसातलं कळत होतं.” नंतर हॅल्डेननी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “पोरी, हरलो बुवा.” ते मात्र मनापासून.

आता हे पत्र कशासाठी, ते. मंडळाने मला एक जागा मंजूर केली आहे: दूरच्या सगळ्या माणसांच्या कामाची प्रमुख, माझ्या खालोखाल. ते काम ट्विलिंगेटहूनच करायचं, तुझ्या वेळेनुसार. मला ती तुला द्यायची आहे. पण तू ज्या माणसाच्या हाताखाली येशील ते माणूस तुला आधी माहीत हवं. तुझा भाग मरेने रद्द केला असं तू समजलीस आणि मी समजू दिलं. कॉफीच्या यंत्रापाशी “ग्वेनचं सध्या राहू दे, तिला मी सांगते” असं म्हणाले ती मी. आणि सांगितलं नाही, कारण तू वाद घालशील आणि तुझं बरोबर असेल, हे मला ठाऊक होतं. ऑगस्टचा तो बिघाड तुझ्या भागाने दोन दिवस आधी दाखवला असता. मी जुन्या नोंदींवर तो चालवून पाहिला. मला माफी मागता येत नाही, पण मी मागते आहे. जागेबद्दल होकार असो की नकार, शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत मला कळव.

तुझीच,
अ‍ॅनलीस