दोन हात, चार बोटं

जुने शहर, अकोला
रविवार, ३ फेब्रुवारी १९६३

प्रिय देवमनदादा,

जयभीम. बाबांना आणि वहिनीला माझा जयभीम सांग. वहिनीनं दिलेलं तिखट संपत आलं आहे. शेजारच्या बिस्मिल्लाबी रोज एक भाकर जास्तीची टाकतात आणि मी नको म्हटलं की रागावतात. तब्येत चांगली आहे. घसा तेवढा बसला आहे. औषध नको पाठवू. कशानं बसला ते पुढे येईल.

भातकुलीत हरभरा कसा आहे? बाबांचा गुडघा?

मागच्या दोन पत्रांत मी लिहिलं होतं की कापडाच्या भांडारात रोज दहा-बारा गिऱ्हाईकं सांभाळते. ते खरं नव्हतं. नोव्हेंबरात तू मला एस.टी.नं इथं आणून सोडलंस, त्या दिवसापासून मी मागच्या खोलीत लुगड्यांच्या घड्या घालत होते. कुणी घालायला लावल्या नव्हत्या. गिऱ्हाईक दाराशी दिसलं की मीच आत जायची. तू पत्रं विहारात सगळ्यांना वाचून दाखवतोस, हे वहिनीनं कळवलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.

व्यवस्थापक खुशालराव माणूस सरळ आहेत. पंधरा जानेवारीला म्हणाले, "मैनाबाई, भांडारानं बाई नेमली ती विकायले. महिना संपायच्या आत एक तरी गिऱ्हाईक स्वतः करा. नाही तं मले तुमचं नाव कमी करा लागीन."

तसं पाहिलं तर बोलणं सगळ्यांचंच बंद झालं होतं. दसऱ्यापासून मापातला वार गेला, मीटर आला. बाया माप विचारतात हातांत, आम्ही सांगतो मीटरमध्ये, आणि त्या उठून जातात. गुलाम नबी चाचा तीस वर्षं कापड विकतात. एकदा थान फेकलं की गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडायचं. तेही भिंतीला टेकून बसू लागले. म्हणायचे, "बेटी, आता गिऱ्हाईक दिसलं का मले हिव भरते."

मंगळवारी दुपारी बार्शीटाकळीकडच्या एक बाई आल्या. पार्बताबाई. सोबत दोन सुना. घरी लग्न, पाच लुगडी हवी होती. आमचे दुसरे विक्रेते पुंजारामभाऊ, त्यांनी हिरवं लुगडं उलगडलं आणि माप सांगितलं, सव्वाआठ मीटर.

"नऊ वार होतं ना लुगडं? पाऊण कोठी गेलं?"

"कमी नाही झालं बाई. सरकारनं माप बदललं."

"मंग सरकारलेच नेसव."

सुना हसल्या. पुंजारामभाऊंनी मीटरची लोखंडी पट्टी खाली ठेवली. पार्बताबाई पदर सावरून उठल्या. मी आतल्या दारात घड्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते. गठ्ठा कधी खाली ठेवला ते आठवत नाही.

"मावशी, तुमच्या हातानं मोजा."

माझाच आवाज होता.

मी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी कोपर टेकवून हात लांब केला. त्यांच्या बोटांपुढे मी माझं कोपर टेकवलं. माझ्या हातापुढे थोडी पट्टी उरली. तिच्यावर मी चार बोटं आडवी ठेवली. बरोबर बसली.

"एक मीटर म्हणजे दोन हात, चार बोटं. कमी नाही, जास्तच आहे."

पार्बताबाई पट्टीकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोणाची वं तू?"

दादा, हाच प्रश्न. याच्याचसाठी मी अडीच महिने आत होते. तू कारण विचारशील म्हणून कधी लिहिलं नाही. माझा हात अजून त्यांच्या हाताला लागून होता. चाचांनी मान वर केली. मी म्हटलं, "भातकुलीच्या किसनरावाची. आमी बौद्ध."

त्यांनी हात काढला नाही. "लांब हाय तुहा हात," त्या म्हणाल्या. "माह्याएवढाच. चाल, मोज मंग. नऊ वाराचे अठरा हात भरले पायजेत."

आम्ही दोघींनी मिळून लुगडं मोजलं. सुना मोठ्यानं मोजत होत्या. अठरावा हात शेवटच्या काठाशी येऊन थांबला. पार्बताबाईंनी पाचही लुगडी तशीच मोजून घेतली. जाताना थोरल्या सुनेला म्हणाल्या, "तुह्या बहिणीच्या लग्नालेही इथूनच घेऊ. या पोरीपासून."

त्या गेल्या आणि चाचा उठले. एक थान उचललं आणि असं फेकलं की टोक रस्त्यावर गेलं. खुशालरावांनी स्वतः जाऊन ते उचलून आणलं, झटकलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

आता सगळे असंच मोजतात. फक्त पुंजारामभाऊंची बोटं जाड. त्यांची तीनच बसतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आमाले बाईच्याच बोटानं द्या." ते चिडतात, आम्ही हसतो. काल संध्याकाळपर्यंत बोलून बोलून घशातून आवाज निघेना. बिस्मिल्लाबींनी गुळण्या करायला लावल्या.

कोणाची म्हणून विचारून, उत्तर ऐकल्यावर सगळेच थांबतील असं नाही. शुक्रवारी एक जण उठून गेली. मी पुढच्या बाईसमोर पट्टी ठेवली.

हेही पत्र विहारात वाचून दाखव. सुरुवातीचं खोटंसुद्धा. गाळू नकोस. आणि मागच्या दोन पत्रांत सहीखाली मी एक शब्द लिहिला होता, तो तुझ्या हातानं खोड. आज पुन्हा लिहिते.

तुझी बहीण
मैना
विक्रेती