गुंजनच्या डोळ्यातला सॉफ्टबॉक्स

सोमवार, १४ जुलै

पार्सल आलं! दोन सॉफ्टबॉक्स (बल्बपुढं पांढरं कापड ताणलेल्या पेट्या, उजेड मऊ पडतो), दोन स्टँड, बल्ब. आजपासून औंढ्यात नवीन युग. ट्यूबलाइटखाली या गावानं फार सहन केलं. ट्यूबलाइट माणूस आहे तसा दाखवते, आणि आहे तसं दाखवून कुणाचं लग्न जमलंय?

प्लॅन पक्का. यापुढं बारशाचे फोटो बंद, पासपोर्ट साइज बंद. फक्त स्थळांसाठी बायोडाटा-व्हिडिओ. शेजारच्या पार्लरमध्ये गुंजन पोरीचा मेकअप करणार, माझ्या स्टुडिओत मी लाइट मारणार. जॉइंट व्हेंचर. पुढं आणखी काय काय जॉइंट होईल ते इथं लिहीत नाही.

(लिहूनच टाकतो. गुंजन. वडील नाहीत, घरी फक्त आई, गंगूताई. भाऊ नाही, हे एक फार बरं. भाऊ असला की पार्लरपुढं उभं राहायची सोय नसते.)

माझं वय तेहतीस. सॉफ्टबॉक्समध्ये अठ्ठावीस.

बुधवार, १६ जुलै

पहिली टेस्ट स्वतःवर. बॉक्स लांब भिंतीला लावले, म्हटलं उजेड सगळीकडं पसरू दे. नाकाची सावली थेट कानापर्यंत गेली. तेवढ्यात दत्तोपंत काका आले. काका म्हणजे वडलांचे धाकटे भाऊ, तालुक्यातली निम्मी लग्नं यांनीच जमवलेली, घरातला पुतण्या सोडून. स्क्रीनकडं बघून म्हणे, काहून रे, कुणी गेलं का घरात?

दुर्लक्ष केलं. मोबाइलवर शिकलो: बॉक्स जितका जवळ, तितका उजेड मऊ. तोंडाजवळ आणला. चमत्कार! नाक जवळजवळ गायब. नाक हीच आजवरची माझी मेन अडचण होती. बाकी माणूस मी चांगलाच आहे.

रविवार, २० जुलै

पहिलं गिऱ्हाईक. जवळच्या गोरेगावची शीतल, सोबत तिची आई. पोरगी 'मला स्वयंपाकाची आवड आहे' म्हणाली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच बॉक्स चालतो. अर्धं तोंड उजेडात, अर्धं अमावस्येत. आई म्हणे, न्हाई जी, आमची पोरगी अख्खी हाय, अख्खीच दाखवा.

गुंजन धावत आली, थर्माकोलची शीट धरून दुसऱ्या बाजूला उभी राहिली. उजेड परतून गालावर आला. लाइट येईपर्यंत बिचारी हात वर करून उभी होती. कुणी कुणासाठी उगाच थर्माकोल धरतं का? नोंद घेतली आहे.

शनिवार, २६ जुलै

संकल्प: रोज सकाळी लाइट टेस्ट. त्यासाठी कुणीतरी बसायला लागतं. गुंजन बसते. टेस्ट करून राहिलो आठवडाभर. लाइट तसा पहिल्या दिवशीच बराबर होता.

आज फुटेज मोठं करून पाहिलं. सॉफ्टबॉक्स डोळ्यात उमटतो, छोटी पांढरी चौकट. आणि त्या चौकटीत मधोमध एक काळा ठिपका. मीच! बॉक्सपुढं वाकून फोकस करताना उमटलेलो. तिच्या डोळ्यात मी आहे. हे माझं म्हणणं नाही, टेक्निकल सत्य आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. धोक्याचा दिवस. कालच शटरवर पाटी लावली, 'तब्येत बराबर नाही, स्टुडिओ बंद'. आत अंधारात बसलो. पंखासुद्धा लावला नाही, आवाज जातो.

अकराच्या सुमारास शटर वाजलं. गुंजनचा आवाज. श्वास रोखला. दुपारी परत वाजलं. म्हणे, डबा आणलाय, ठेवून जाते. भूक फार होती पण हललो नाही.

संध्याकाळी बाहेर आलो तर शटरच्या हँडलला राखी बांधलेली. निळी, मणीवाली. आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मग शांतपणे विचार केला. लोक दसऱ्याला गाडीला हार घालतात, मशीनला कुंकू लावतात. तिनं धंद्याला राखी बांधली. आता तिचं रक्षण शटरनं करावं, माझा काय संबंध?

डब्यात पुरणपोळी. भावाला कुणी एवढं तूप लावत नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

श्रावण सोमवार, रस्त्यावर भाविकांची ही गर्दी. त्यातून वाट काढत गंगूताई स्टुडिओत आल्या. म्हणे, गुंजनचा व्हिडिओ कर. तिला बाप नाही, भाऊ नाही, पोरीचं काम आणखी कुणाला सांगू?

अर्थ उघड आहे. दुसरीकडं द्यायची असती तर हिंगोलीला जाऊन केला असता. माझ्याकडं आल्या म्हणजे माझी परीक्षा आहे. या पोराच्या नजरेत आपली पोरगी कशी दिसते, हे आईला बघायचंय.

दाखवलंच मग. दिवसभर दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. एक बॉक्स समोरून जरा वर, दुसरा बाजूनं, त्याच्यावर गंगूताईंचं जुनं मलमलचं पातळ टाकलं, उजेड आणखी मऊ. असं काम औंढ्यात काय, परभणीत कुणी केलं नसेल. ठिपका मुद्दाम ठेवला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

माझाही व्हिडिओ केला. बॉक्स इतका जवळ की घाम गळत होता. नाक नाही, टक्कल नाही, तेहतीस नाही.

आता मुद्दा. आपल्यात पोरानं स्वतःच्या लग्नाचं स्वतः बोलायची पद्धत नाही, मोठ्यांनी शब्द टाकायचा असतो. म्हणून काकांच्या मोबाइलवर दोन्ही व्हिडिओ पाठवले, एकाखाली एक. आधी ती, लगेच मी. खाली काही लिहिलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मी तर दोन व्हिडिओ दिलेत. काकांनी अंगठा पाठवला. समजलं त्यांना.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

एक विचित्र प्रकार. हिंगोलीचे एक गृहस्थ बायकोसोबत स्टुडिओत आले. मला म्हणाले, अनिरुद्धराव आहेत का? म्हटलं, मीच. ते हसले, म्हणे न्हाई, धाकटे, व्हिडिओतले. म्हटलं, मीच. बाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग मोबाइलकडं, मग परत माझ्याकडं. चहा घेतला. बाई जाताना एवढंच म्हणाल्या की लाइट चांगला आहे तुमच्याकडं.

काकांनी माझा व्हिडिओ चार ठिकाणी पाठवलेला दिसतो. धूर्त माणूस. पोराला मागणी आहे हे गंगूताईंच्या कानावर जावं म्हणून केलं असणार.

सोमवार, १५ सप्टेंबर

काका गप्प. पितृपक्ष आहे, पितृपक्षात शुभ बोलत नाहीत. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांच्याकडं शुभ आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

दगा! सरळ सरळ दगा!

सकाळी गुंजन सोनं द्यायला आली. आपट्याची पानं माझ्या हातात दिली, पाया पडली (पाया कशाला?), वर पेढा. म्हणे, ठरलं! पुसेगावचा आहे, बँकेत. व्हिडिओ बघूनच त्यांनी होकार कळवला, पाहायला आले ते नुसतं नावाला. दादा, सगळं तुमच्यामुळं झालं.

दादा म्हणाली.

पेढा तसाच तोंडात धरून काकांच्या घरी गेलो. बोलता येईना. काका सोफ्यावर. म्हणे, अरे तूच तर दोन्ही व्हिडिओ पाठवलेस, मी स्थळांच्या ग्रुपवर दोन्ही टाकले. तिला दोन दिवसात सात स्थळं आली. तुझ्यासाठी ते हिंगोलीवाले आले होते, पण त्यांना व्हिडिओतला पोरगा पाहिजे होता. मी विचारलं, दोन्ही एकत्र पाठवल्याचा अर्थ कळला नाही का? तर म्हणे, कळला की, दोन्हीची एकदमच चिंता मिटवावी असा अर्थ. आणि तोंड होतं ना तुला, मग बोलला काहून नाही?

तोंडात पेढा होता.

दगाबाजांची नावं: काका. गंगूताई, माझ्याच हातानं माझा गळा कापून घेतला. ती थर्माकोल शीट. आणि सगळ्यात मोठा दगाबाज सॉफ्टबॉक्स. मी त्याला माझ्यासाठी आणला आणि त्यानं चाकरी केली पुसेगावची. ट्यूबलाइटमध्ये केला असता व्हिडिओ तर आज ती इथंच असती!

नाही. ट्यूबलाइटमध्येसुद्धा ती छानच दिसते. हे लिहायचं नव्हतं.

संकल्प: दोन्ही बॉक्स विकणे. या लग्नाची ऑर्डर घेणार नाही म्हणजे नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

लग्नाची ऑर्डर घेतली. गंगूताई दारात उभ्या राहिल्या की नाही म्हणता येत नाही. धंदा आणि भावना वेगळ्या ठेवाव्यात.

नवरदेव आला होता. ट्यूबलाइटसारखा सरळ माणूस, राग येता येईना. म्हणे, मी तो व्हिडिओ लई वेळा पाहिला, हिच्या डोळ्यात एक काळा ठिपका आहे, ते काय आहे? मी म्हटलं, धूळ असेल. गुंजन म्हणाली, धूळ काहून, आमचा अनिरुद्धदादा आहे तो.

तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, आणि दादाच दिसत होता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

लग्न लागलं. हे शांतपणे लिहितो आहे.

सकाळी एक योजना होती. नवरदेवाच्या बाजूच्या बॉक्सचं पांढरं कापड काढून टाकायचं. उघडा बल्ब थेट तोंडावर, पुसेगावला कळू दे खरा चेहरा काय असतो. काढलंही. पण गुंजन त्याच्याजवळच बसलेली, तिच्याही गालावर काळी सावली पडली. परत लावलं.

सगळं नीट चाललं होतं. मग गुरुजींनी विचारलं, कानपिळीला भाऊ कोण? नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदव असं बजावायचं. मांडवात कुणी हलेना. चुलतभाऊ येणार होता, तो पुण्याहून निघालाच नव्हता. गुरुजींनी परत विचारलं. पुसेगावकडची मंडळी आपसात कुजबुजायला लागली. गंगूताईंचं तोंड एवढंसं झालं, पदर हातात धरून त्या इकडंतिकडं बघत होत्या. गुंजन मान खाली घालून बसली होती. मग तिनं मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्याकडं.

भाऊ नाही हे फार बरं, असं मीच लिहिलं होतं जुलैत.

कॅमेरा काकांच्या हातात दिला आणि गेलो. कान पिळला. सगळ्या दसऱ्याचा, पितृपक्षाचा, त्या थर्माकोलचा राग काढून पिळला. नवरदेव 'आई गं' म्हणाला, मांडव हसला. गुंजन हसता हसता रडत होती. मी म्हणालो, नीट नांदव हिला. पुढचं काही बोलता आलं नाही, यावेळी पेढासुद्धा नव्हता तोंडात. टोपी आणि शर्टपीस मिळाला. पीस कमी आहे, हाफ शर्टच होईल.

घरी येऊन फुटेज पाहिलं. मध्ये येतो म्हणून काकांनी सॉफ्टबॉक्स बाजूला सारला होता. माझं नाक अख्खं आलंय. टक्कल आलंय. डोळे भरलेले आलेत. तेहतीस वर्षांचा नवरीचा भाऊ, बरोबर तसाच दिसतो.

ते साफ करणार नाही, तसंच देणार.

संध्याकाळी स्टुडिओ उघडला. शेजारी पार्लरला कुलूप. माझ्या हँडलला ती निळी राखी अजून आहे, मणी गळालेत, रंग उडालाय. सोडायला गेलो. गाठ सुटेना, पोरीनं पक्की मारली आहे. राहू दिली.